एक थेंब नाही

माशांसाठी काचेची चार फुटी टाकी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, जुनी, साडेतीन हजार. नवी परवडत नाही म्हणून डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, रविवारी दुपारी बारा वाजता मी ती बघायला गेलो.

विकणारा पोरगा गरीब होता. त्रास दिला तो समोरच्या दारातल्या काकांनी. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातात बशी. मी टॉर्च लावून कोपऱ्यातलं, काचा जोडणारं सिलिकॉन तपासू लागलो, नखाने कुठे सुटतंय का बघू लागलो, तशी बशी थांबली.

"काय शोधताय?"

"लीकेज."

"सात वर्षं आमच्या डोळ्यांसमोर आहे. एक थेंब नाही."

म्हटलं, तरी काठोकाठ भरून चोवीस तास ठेवायला हवी. काकांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे पाणी किती?"

"अडीचशे लिटर."

"अडीचशे!" हे त्यांनी जिन्यात जाऊन म्हटलं. दोन दारं उघडली. "साहेब टाकी विकत घेणार, आणि पाणी सोसायटीचं! मुलगी बघायला आलात तरी पाच मिनिटं चालवून बघाल. चोवीस तास ठेवून घेणार का?"

नळाला पाणी सकाळी तासभर येतं, हे मान्य. पण माझे साडेतीन हजारही तासभरच येतात. शेवटी चार बादल्या मंजूर झाल्या. टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं. पाणी साडेपाच इंचांवर थांबलं. मी सांगायचा प्रयत्न केला की दाब पाण्याच्या उंचीवर असतो, एवढ्याशा पाण्याने काही कळत नाही.

"बत्तीस वर्षं धरणांच्या कामावर होतो," काका म्हणाले. "मला दाब शिकवू नका."

अर्ध्या तासाने त्यांनी स्वतः वाकून कागद ओढला, सगळ्या जिन्याला दाखवला आणि मला विचारलं, "कोरडा आहे की नाही?" मी म्हटलं, "आहे."

नुसती काच पन्नासेक किलोची. दोन हमाल, टेम्पो, आणि प्रत्येक मजल्यावर मला "सावकाश, सावकाश" म्हणायला लावणारा जिना. टाकीपेक्षा भाडं मनाला जास्त लागलं. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभा राहिलो होतो, त्याचे हप्ते मी अजून फेडतोय.

घरी थर्मोकोलवर ठेवून काठोकाठ भरली. रात्री दोनला टप्, टप्. टॉर्च मारला तर डाव्या कोपऱ्यात, बरोब्बर नऊ इंचांवर, पाण्याची बारीक रेघ उतरत होती. हिने वर्तमानपत्राची विवाहविषयक पुरवणी खाली सरकवली आणि एक अक्षर न बोलता झोपायला गेली. हे न बोलणं फार महाग पडतं.

आता ब्लेडने सगळं जुनं सिलिकॉन खरवडायचं, कारण नवं जुन्यावर चिकटत नाही, आणि मग नवं सुकेपर्यंत दोन दिवस घरभर त्याचा व्हिनेगरसारखा वास.

सकाळी पोराला फोन लावला. बिचारा गोंधळला. "पण काका, आमच्याकडे खरंच कधी गळली नाही. आम्ही त्यात कासव ठेवायचो ना. पाच इंच पाणी पुरे व्हायचं."

आतल्या काचेवर पाच इंचांवर क्षारांची पांढरी रेघ होती. ती मी पाहिली होती. मला वाटलं, नीट पुसली नाही.

फोनमध्ये पोराच्या मागून बशीचा आवाज आला. "विचार त्यांना, कागद कोरडा होता की नाही?"

"होता," मी म्हटलं.