बिले भरणारे आणि माणसे शोधणारे

आज सकाळी आपल्या मेलबर्नच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या मैत्रिणीने विचारले, की तिच्या दहा वर्षांच्या लेकीच्या एनडीआयएस (अपंग व्यक्तींना मदतीसाठी पैसे देणारी ऑस्ट्रेलियाची सरकारी योजना) प्लॅनची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे, तर बिले भरणारा प्लॅन मॅनेजर मागावा की थेरपिस्ट शोधून देणारा सपोर्ट कोऑर्डिनेटर. दहा मिनिटांत सात उत्तरे आली आणि सातही जणींनी एकच सांगितले: प्लॅन मॅनेजर घे, तोच सगळे बघतो, कोऑर्डिनेटरचे लचांड मागे लावून घेऊ नकोस. मी ट्रेनमध्ये होते. तीनदा उत्तर लिहिले आणि तीनदा पुसले, कारण ते फार रागाचे होत होते. आता मुलगा झोपला आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

'तोच सगळे बघतो' हे वाक्य मी 2022 साली ऐकले होते आणि त्या वाक्याने माझ्या मुलाचे पाच महिने खाल्ले.

आमचे कायम वास्तव्याचे कागद होईपर्यंत आम्हाला ही योजना लागूच नव्हती. ते झाल्यावर अर्ज केला आणि मुलगा आठ वर्षांचा असताना पहिला प्लॅन हातात आला. त्यात थेरपीसाठी चांगली रक्कम होती आणि पैसे सांभाळायला प्लॅन मॅनेजर होता. त्या कंपनीतल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितले, की आता काळजी करू नका, आम्ही सगळे सांभाळतो. मी तो शब्द शब्दशः घेतला. कोणीतरी आता स्पीच थेरपिस्ट शोधत असणार, एक दिवस फोन येणार, अशा समजुतीत मी राहिले. दर महिन्याला ईमेलने सुबक स्टेटमेंट यायचे. मंजूर रक्कम इतकी, खर्च शून्य. पुढच्या महिन्यात पुन्हा खर्च शून्य. पाचव्या शून्यानंतर मी फोन केला, तेव्हा त्याच बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडून बिल आले की आम्ही लगेच भरू."

त्यांचे काम तेवढेच होते. थेरपिस्टचे इनव्हॉइस तपासायचे, दर सरकारने ठरवलेल्या मर्यादेत आहे का ते पाहायचे, पैसे द्यायचे आणि कोणत्या खात्यात किती उरले ते कळवायचे. ही मदत मी कमी लेखत नाही. ती घेतली की योजनेकडे नोंदणी नसलेल्या थेरपिस्टकडेही जाता येते, जे प्लॅनचे पैसे सरकारी यंत्रणेकडेच ठेवले तर जमत नाही. आता मंजूर रक्कम बहुधा तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत मोकळी होते, त्यामुळे खर्चावर नजर ठेवणारी माणसे हवीच आहेत, हेही मान्य. पण खर्च करायला आधी थेरपिस्ट मिळावा लागतो, आणि तो मिळवून देण्याचे काम कोणाचे, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते.

मग मी एक वही केली. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गाडीत बसून, डबा मांडीवर ठेवून, मी एकेका क्लिनिकला फोन लावत असे. वहीच्या पहिल्या पानावर चौदा नावे आहेत. अकरा नावांपुढे 'प्रतीक्षा यादी' लिहिले आहे, दोघांपुढे 'नवीन मुले घेत नाहीत', आणि एकापुढे फक्त एक रेघ आहे, कारण त्या फोनवर मला रडू आले आणि मी तो ठेवून दिला. त्या पानावर वरणाचा पिवळा डाग अजून आहे.

दुसऱ्या प्लॅनमध्ये मी भांडून सपोर्ट कोऑर्डिनेशन मागून घेतले. भांडून म्हणजे आवाज चढवून नव्हे. ती वही मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली आणि एकेक नाव वाचून दाखवले, एवढेच. वर्षाला चोवीस तास मिळाले. कोऑर्डिनेटर म्हणून जी बाई आली, तिने पहिल्या भेटीत पैशांबद्दल एक अक्षर काढले नाही. ती मुलाशेजारी जमिनीवर बसली आणि मला विचारले, "घरी हा कोणत्या भाषेत बोलतो?"

मला हे कोणीच विचारले नव्हते. शाळेच्या कागदावर 'बोलत नाही' असे लिहिले होते. माझा मुलगा तेव्हा तीन शब्द बोलत असे: 'पाणी', 'पुरे' आणि 'आजी'. तिन्ही मराठी. वर्गात तो 'पुरे, पुरे' म्हणत असताना समोरच्याला तो निरर्थक आवाज वाटत होता, आणि तो कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरला की त्याला वर्तनसमस्या म्हटले जात होते. त्या बाईने ते तीन शब्द इंग्रजी लिपीत, अर्थांसकट, एका कार्डावर लिहून घेतले. तीन आठवड्यांत तिने शाळेत येऊन थेरपी देणारी स्पीच थेरपिस्ट शोधली, आणि पहिल्या दिवशी ते कार्ड तिच्या हातात दिले.

म्हणून 'कोऑर्डिनेटर कशाला' हे वाचले की माझा तोल जातो.

हो, वाईट कोऑर्डिनेटर असतात. ताशी शंभर डॉलरच्या दराने दोन ईमेल पाठवून तास संपवणारे मीही पाहिले आहेत. काही जण आपल्याच कंपनीच्या सेवा गळ्यात मारतात, त्यांच्यापासून सावध राहिलेच पाहिजे. आणि ज्या घरात एकाला दिवसभर फोन आणि ईमेल करायला वेळ आहे, इंग्रजीत ठामपणे बोलता येते, त्या घराला कदाचित गरज नसेल. पण आपल्यापैकी किती घरे तशी आहेत? दोघांच्या नोकऱ्या, आजी-आजोबा सांगलीत नाहीतर नागपुरात, शेजारी ओळख नाही, आणि मुलाचे निदान अजून मंडळाच्या गणपतीत कोणाला सांगितलेले नाही.

मुळात हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, आणि त्या सात उत्तरांतली मला खुपलेली गोष्ट हीच आहे. दोन्ही मदती एकाच पैशातून येत नाहीत. प्लॅन मॅनेजर हवा असे सांगितले, की तो सहसा मिळतो. त्याची फी प्लॅनमध्ये वेगळी धरली जाते, थेरपीच्या रकमेतून एक डॉलरही कापला जात नाही. कोऑर्डिनेशन मात्र तुमच्या परिस्थितीत ते 'वाजवी आणि आवश्यक' आहे असे पटले, तरच मिळते. मग मीटिंगमधला वेळ आणि दम कशावर खर्च करायचा? जे नुसते मागून मिळते ते एका वाक्यात मागावे, आणि उरलेला सगळा वेळ, घरात मदतीला कोणी नाही, इतके फोन करून झाले, इतके नकार आले, हे सांगण्यात घालवावा.

'आमचे आम्ही बघतो' ही आपली सवय इथे घातक आहे. मीटिंगमध्ये समोरच्याने विचारले, की तुम्हाला सगळे जमते आहे ना, की आपण हसून होकार देतो. पहिल्या मीटिंगमध्ये मीही दिला होता. साबुदाण्याचे वडे करून ठेवले होते त्या दिवशी, पाहुणे यावेत तसे. मला फोन करणे जमत नाही, रात्री झोप लागत नाही, असे म्हणायची लाज वाटली, आणि त्या लाजेची किंमत मुलाने मोजली.

हे दान नाही. 2014 मध्ये मेडिकेअर लेव्ही, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी उत्पन्नावर लागणारा कर, दीड टक्क्यावरून दोन टक्के झाली, ती या योजनेला हातभार म्हणूनच, आणि ती आपल्या पगारातूनही जाते.

कोणी म्हणेल, 2023 च्या डिसेंबरमधल्या या योजनेच्या आढावा अहवालात कोऑर्डिनेटरच्या जागी 'नॅव्हिगेटर', म्हणजे वाट दाखवणारी माणसे, आणायची शिफारस झाली आहे, मग आता कशाला धडपड? असेलही. पण ज्या मुलीची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे, तिने तोवर थांबायचे का?

इतके लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. सात जणींपैकी चौघींना मी नीट ओळखते. त्यांनी वाईट मनाने लिहिलेले नाही. त्यांनाही कोणीतरी कधीतरी 'सगळे बघतो' असे सांगितले असणार, आणि त्यांच्याकडेही शून्याची स्टेटमेंट्स पडून असतील. असतील तर उद्याच काढून बघा. थेरपीच्या खात्यात खर्च दिसत नसेल, तर पुढच्या मीटिंगची वाट पाहू नका, परिस्थिती बदलली असल्यास मध्येही फेरतपासणी मागता येते.

त्या नव्या मैत्रिणीला मी वेगळा मेसेज केला. ती म्हणाली, "ताई, मी अजून एकालाही फोन केलेला नाही, मला भीती वाटते." गुरुवारी संध्याकाळी ती घरी येणार आहे, लेकीला घेऊन. आम्ही दोघी मिळून फोन करू. माझी वही मी शोधून टेबलावर काढून ठेवली आहे, मागची पाने कोरीच आहेत.