निकाल लागला, आता वॉर्डाची बैठक बोलवा

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचं मतदान झालं तेव्हा गावाकडचा ग्रुप दिवसभर वाजत होता, कोणाचं तिकीट कापलं, कोण कोणत्या पॅनलमध्ये गेला, मी इथे जर्मनीत बसून सगळं वाचायचो. निकाल लागला, गुलाल उधळला आणि आता परत तेच, "जाऊ दे ना भो, सगळे सारखेच, पालिकेत जाऊन काय फायदा."

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या घराचा उंबरा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गल्लीत जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा सिमेंटचा ओतला, त्यामुळे रस्ता वर गेला आणि घरं खाली राहिली. जोराचा पाऊस आला की पाणी ओट्यावरून सरळ पुढच्या खोलीत, मग आई दाराशी विटा रचते, फटीत गोणपाट कोंबते, तरी दोन बोटं पाणी आत येतंच. त्या कामाचं एस्टिमेट झालंच असेल, सभेत ठराव पण झाला असेल, पण गल्लीतलं कोणी विचारायला गेलं नाही, मी पण नाही, तेव्हा मी तिथेच होतो.

इथे बायर्न राज्यात कायदाच आहे की नगराध्यक्षाने वर्षातून निदान एकदा नागरिकांची सभा घ्यायची, आणि सभेने केलेल्या शिफारशीवर कौन्सिलने ३ महिन्यांत विचार करायचा. मला इथे मतदानाचा हक्क नाही, पण इथल्या गावात राहतो म्हणून सभेत बोलता येतं. मागच्या सभेत एक म्हातारे शेतकरी उठले आणि विचारलं, नवीन रस्त्याचं पाणी कुठे जाणार? इंजिनिअरने पडद्यावर नकाशा लावून उतार दाखवला, आजोबांना पटलं नाही, ते काठी टेकत पुढे गेले आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, इथे माझं फाटक आहे. नगराध्यक्षांनी लिहून घेतलं. मला आईच्या विटा आठवल्या.

ग्रुपवर हे टाकलं तर उत्तर आलं, त्यांच्याकडे पैसा आहे. अरे पण पाण्याचा उतार विचारायला कसला पैसा लागतो?

खरी अडचण वेगळीच आहे. खेड्यात ग्रामसभा आहे, वर्षाला ४ तरी घ्याव्याच लागतात, माझा मामा तिथे उठून सरपंचाला हिशोब विचारतो. मोठ्या शहरांना ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या दिल्या, पण लोकसंख्या ३ लाख किंवा जास्त असेल तरच बंधनकारक. मग आपल्यासारखी तालुक्याची गावं मधल्या मध्ये राहिली, ना ग्रामसभा ना वॉर्ड समिती.

कायद्याची वाट न बघता आपणच बैठक बोलावली तर कोण अडवणार आहे. बजेट ठरायच्या आधी, जानेवारीतच, नगरसेवकाला मारुतीच्या पारावर बोलवा, येत्या वर्षी वॉर्डात कोणती कामं घेताय विचारा, एस्टिमेटची कॉपी मागा, दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. सगळ्या तक्रारी एकदम काढू नका, एकच काम धरा. पंधरा जण आले तरी पुष्कळ.

शाळेतला एक मित्र तयार झालाय, पहिला विषय गल्लीची गटार. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मी येईन रे, पण बायांना बोलू देतील का? म्हटलं, निम्म्या जागा बायांनाच आहेत ना आता, आपल्या वॉर्डात पण बाईच निवडून आलीय, तिलाच विचार.