भोवत्ये निजायला आलेत, गाडी बाहेर काढा

सकाळपासून एकच फोटो तीन ग्रुपवरून फिरत माझ्यापर्यंत आला. माँटेग्यूच्या भोवत्याची, म्हणजे गवताळ माळावरच्या एका शिकारी पक्ष्याची मादी, पंख पूर्ण उघडलेले, पिवळा डोळा थेट कॅमेऱ्यात. खाली 'किलर शॉट भावा', 'काय ॲक्शन!' वगैरे. खोटं कशाला बोलू, मीही आधी वाहच म्हणालो. मग झूम केलं. पाय लोंबकळताहेत. मागचं आभाळ जांभळं पडलंय, म्हणजे सूर्य गेलेला. आणि पोटावर मात्र पिवळाधमक उजेड.

सूर्य बुडाल्यावर पक्ष्याच्या पोटावर खालून उजेड कुठून येतो हो? जीपच्या दिव्यांतून.

भोवत्या झाडावर झोपत नाही. दिवसभर एकेकटा, गवताला पोट घासेल इतक्या खालून नाकतोडे, उंदीर, चंडोल हुडकत फिरतो आणि संध्याकाळी सगळे एकाच पट्ट्यात गवतात, जमिनीवर उतरतात. मध्य आशियातून, कझाकस्तानच्या बाजूने हजारो किलोमीटर उडत आलेला पक्षी. वजन जेमतेम ३०० ग्रॅम. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी त्याहून जड भरते. त्याच्या अंथरुणात गाडी घालायची, का तर फ्लाइट शॉट, उडतानाचा फोटो हवा!

एवढा का चिडलोय, तेही सांगतो. डिसेंबर २०११, सुप्याकडचा एक माळ. मी, एक मित्र, त्याची बाइक आणि हप्त्यावर घेतलेली माझी ७०-३०० लेन्स. भोवत्ये उतरताना दिसले आणि आम्ही बाइक सरळ गवतात घातली. सात-आठ उठले. मी वेड्यासारखं बटण दाबत सुटलो. तेवढ्यात मेंढरांच्या वाड्यावरचे एक धनगर मामा काठी आपटत आले.

"आरं ल्येका, निजायला आल्यात ती. तुज्या घरात रातच्याला कुनी गाडी घातली तर?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता कोणीतरी म्हणणारच की फोटोंमुळेच लोकांना पक्षी कळले. कळले, मान्य. मेंढ्यांनीही पक्षी उठतात. उठतात की! पण मेंढरं दिवस मावळायच्या आत वाड्यावर परततात, आणि फ्रेम नीट आली नाही म्हणून पुन्हा एक चक्कर मारत नाहीत. इथे तर ठरवून चक्कर मारतात. गाडीतला एक जण टाळ्या वाजवतो, बाकीचे टपावरून 'बर्स्ट', म्हणजे फोटोंची सरबत्ती सोडतात. अंधारात उठवलेलं पाखरू रात्री कुठे टेकतं, कोल्ह्याच्या तोंडी जातं की काय, कोणाला पडलंय? यांना निसर्गप्रेमी म्हणायचं? निव्वळ शिकारी आहेत, बंदूक तेवढी महाग लेन्सची.

जाऊ दे, जास्त होतंय. तो फोटो काढणारा मुलगा असेल तेवीस-चोवीसचा. मी तरी कोण मोठा होतो? त्या वेळी हातात इन्स्टाग्राम असतं तर मामांच्या काठीला न जुमानता दुसरी चक्कर मारलीच असती मी, खात्री आहे.

मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, पक्षी उडून गेल्यावर, आम्हाला स्वतःहून तिथे नेलं. गवतात ताटलीएवढे दबलेले खळगे, कडेला पांढरी शिट आणि करड्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. न पचलेलं सगळं भोवत्या असं ओकून टाकतो. मामांनी एक गोळी तळहातावर फोडली. आत नाकतोड्यांचे पाय, करवतीसारखे दाते शाबूत, आणि काडीसारखं एक हाड. "ह्ये खात्यात बग. आमच्या कोकराला हात लावत न्हाईत." माझ्या मोज्यांत कुसळं टोचत होती, तरी तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

आदल्या संध्याकाळचे सगळे फोटो हललेले निघाले. पुढच्या हिवाळ्यापासून मी लांब बांधावर बसतो, गाडी रस्त्यावरच. चांगले फोटो पहाटे मिळतात, ते आपणहून उठतात तेव्हा. वर्षाला दोन-तीन, तेही नशीब असेल तर. चालतं.

एवढं लिहीपर्यंत इनबॉक्समध्ये तिघांनी विचारलंय, 'दादा, सुप्यात नेमकं कुठे? पिन टाका ना.'

नाही टाकणार.