घोडीला धुरी देताय? आधी हे वाचा

आमच्या मामांच्या घोड्या आहेत, नागपुरात वरातीला देतात. त्यातली एक पावसाळ्यात धापा टाकते. परवा मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की घोड्याला दमाबिमा काही नसतो, छातीत कफ साचतो, निंबाचा पाला आणि गोवरीची धुरी द्या, नाकात मोहरीचं तेल सोडा, अँटिबायोटिक द्या, दिवसरात्र हिरव्या गवतावर ठेवा, पावसाळा संपला की घोडा कामाला तयार. मी गेलो तर मामा गोवऱ्या काढून बसलेले! हाच मेसेज बाकीच्या घोडीवाल्यांच्या ग्रुपवरही फिरून राहिला म्हणून लिहितो.

घोड्याला दमा होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या पशुवैद्यकांच्या संस्थेनं 2016 मध्ये आपली एकमताची भूमिका छापली, त्यात सौम्य ते तीव्र अशा या सगळ्या जुनाट त्रासाला अस्थमा हेच नाव वापरलंय. त्याचाच एक प्रकार चराईवरच्या घोड्यांना होतो, मिसिसिपी, लुइझियाना, फ्लोरिडा अशा दमट भागांत उन्हाळ्यात वाढतो, गवताचे परागकण आणि बुरशीचे कण त्याला कारण धरतात, आणि थंडीत घोडा सुधारतो.

आता धुरी. या घोड्याच्या श्वासनळ्या चिडक्या झालेल्या असतात. निरोगी घोड्याला जी धूळ जाणवणारही नाही तेवढ्यानंच नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट स्राव अडकतो. तपासणीत मेथाकोलिन नावाचं औषध थोडं थोडं वाढवत हुंगवतात, आजारी घोड्याच्या नळ्या फार कमी डोसलाच आवळतात. अशा नळ्यांत तुम्ही गोवरीचा धूर भरणार? वर मेसेजमध्ये लिहिलंय की तोंडावर पोतं टाका म्हणजे धूर वाया जात नाही. अरे, घोडा फक्त नाकानं श्वास घेतो, आपल्यासारखं तोंड उघडून हवा ओढता येत नाही त्याला. आमच्या घोडीकडे बघा, नाकपुड्या फुललेल्या, श्वास सोडताना पोट दोनदा आत दाबते, बरगड्यांच्या मागे स्नायूची रेघ उमटलेली. ती आधीच जीव काढून श्वास घेऊन राहिली, तिच्या तोंडावर पोतं काहून टाकता?

नाकात तेलही नको, ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकचा दम्यावर उपयोग नाही, जंतुसंसर्ग असेल तरच. ताप असेल, नाकातून पू येत असेल तर मात्र तडक सरकारी दवाखाना गाठा, तो ग्लँडर्स हा घोड्यांचा जंतूंचा रोगही असू शकतो आणि तो माणसालाही लागतो.

मोकळ्या हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करावं लागेल. कोंदट तबेला आणि बुरशी लागलेला सुका चारा यानं ज्याचा दमा वाढतो त्याला बाहेर काढलं की आराम पडतो. पण ज्याला कुरणातच त्रास होतो त्याला उलट कुरणातून हलवून हवेशीर, कमी धुळीच्या जागी ठेवायचं, चारा भिजवून द्यायचा. आमच्या घोडीचा त्रास चरायला सोडलं की वाढतो, म्हणजे मेसेज ऐकला असता तर तिला दिवसरात्र त्याच गवतात उभं केलं असतं.

पावसाळा संपला की कामाला तयार, हे वाक्य तर सगळ्यात जास्त फसवतं. धाप थांबली तरी नळ्यांचा चिडकेपणा मागे राहू शकतो. आणि आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू, घोडीच्या पुढे फटाक्यांची लड, मागे जनरेटरचा धूर. घोडी वरून ठणठणीत दिसत असली तरी तिला त्यात उभी करण्याआधी डॉक्टरला विचारा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथे दाखवा. सूज उतरवणारं स्टेरॉइड, नळ्या उघडणारं औषध, डोस सगळं तेच ठरवतील, मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. मामांना सांगून झालंय, गोवऱ्या परत ठेवल्या त्यांनी, आणि घोडीला डॉक्टरकडे न्यायला टेम्पोही सांगितला.