हेन्रीचा राजवाडा, नन्स आणि न घडलेलं प्रायश्चित्त

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या न्यू हॉलचा फोटो आणि त्याखाली एक गोष्ट सध्या फिरते आहे. ती अशी: सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने, पुढे त्याची दुसरी राणी झालेल्या अ‍ॅन बोलिनच्या प्रेमाखातर हा राजवाडा बांधला. त्याने देशभरचे मठ मोडले. पुढे राजघराण्याने प्रायश्चित्त म्हणून हाच वाडा नन्सना देऊन टाकला आणि त्यांनी तो पाचशे वर्षं जसाच्या तसा जपला. ऐकायला झकास. पण यात खरं एवढंच, की हेन्रीने इथे राजवाडा बांधला, त्याने मठ मोडले आणि या वाड्यात पुढे नन्स आल्या.

आधी अ‍ॅन. हेन्रीने ही जागा १५१६ मध्ये विकत घेतली, तेव्हा अ‍ॅन फ्रान्सच्या दरबारात वाढत होती आणि हेन्रीची राणी होती कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन. गंमत म्हणजे जागा विकणारा अ‍ॅनचाच बाप, थॉमस बोलिन. हेन्रीने सुमारे १७,००० पौंड ओतून विटांचा राजवाडा उभारला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ब्यूल्यू’. अ‍ॅनचा संबंध आला तो नंतर, आणि तो प्रेमळ नाही. १५३३ मध्ये ती राणी झाली, तेव्हा कॅथरीनच्या मुलीला, मेरीला, या घरातून काढलं आणि ते अ‍ॅनच्या भावाला दिलं.

‘जसाच्या तसा’ हा तर धडधडीत गैरसमज. फोटोत दिसतो तो लाल विटांचा, सात भल्यामोठ्या बाहेर आलेल्या खिडक्यांचा भाग हेन्रीचा नाहीच. एलिझाबेथ राणीने १५७३ मध्ये वाडा ससेक्सच्या अर्लला (सरदाराला) दिला आणि त्याने ही उत्तरेची बाजू नव्याने बांधली. त्यानंतर मालक किती! ड्यूक ऑफ बकिंगहॅम झाला, मग क्रॉमवेल (पाच शिलिंगांत, म्हणजे नावापुरती किंमत), मग जनरल मंक. अठराव्या शतकात जॉन ऑल्मियस नावाच्या धनिकाने मूळ चौकांच्या वाड्यातला बहुतेक भाग पाडला. एवढं अवाढव्य घर पोसणं परवडत नाही, हे आपल्याकडच्या वाडेमालकांना वेगळं सांगायला नको. चॅपलची, म्हणजे वाड्यातल्या प्रार्थनाघराची, मोठी रंगीत काचेची खिडकीही त्याने विकली. ती आज लंडनच्या सेंट मार्गारेट्स चर्चमध्ये आहे. १७५८ मध्ये चर्चने ती ४०० गिनींना घेतली, तर ‘ही अंधश्रद्धेची चित्रं’ म्हणून चर्चवरच खटला भरला गेला. खिडकी राहिली.

म्हणजे हा वाडा उजाड झाला तो धर्मापायी नव्हे, खर्चापायी.

आता प्रायश्चित्त. वाडा नन्सना कुठल्याही राजाने दिला नाही. त्यांनी तो विकत घेतला. कॅनोनेसेस ऑफ द होली सेपल्कर या संघाच्या त्या इंग्रज बायका. हेन्रीनंतर इंग्लंड प्रोटेस्टंट झालं, मायदेशी कॉन्व्हेंटला मनाई, म्हणून कॅथलिक घरच्या मुली समुद्रापार जात. त्यांचा संघ १६४२ मध्ये लिएजला (आजच्या बेल्जियममध्ये) स्थापन झाला होता. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा तिथे येऊन धडकल्या आणि या नन्स निर्वासित म्हणून, शाळेसकट, इंग्लंडला परतल्या. दोन ठिकाणी बिऱ्हाड करून १७९९ मध्ये त्या न्यू हॉलला आल्या. तेव्हाही त्यांचं स्वागत झालं असं समजू नका. १७९१ च्या कायद्याने कॅथलिकांना उघड उपासनेची मुभा मिळाली होती, पण १८०० मध्ये अशा मठांवर बंधनं घालणारं विधेयक हाउस ऑफ कॉमन्समध्ये मंजूर झालं. वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, ते अडवलं म्हणून निभावलं. याला प्रायश्चित्त म्हणायचं?

आणि पाचशे वर्षं? १७९९ पासून मोजा, सव्वादोनशेच होतात. त्यातही नन्स आता तिथे राहत नाहीत. शाळा मात्र चालू आहे. मराठीत ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे शाळाच, त्यामुळे आपल्या कानाला फारसा फरक जाणवणार नाही.

दैवाची गंमतच हवी असेल तर ती त्या वाड्यात आहे, फक्त फिरत्या मजकुरात नाही. नन्सच्या चॅपलमध्ये भिंतीवर हेन्रीची कोरीव राजचिन्हं होती. आणि दर्शनी दारावर एलिझाबेथची, जिच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरू फासावर गेले. खाली इटालियनमध्ये तिची स्तुती: पृथ्वीवरची सर्वांत शहाणी राणी, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. नन्सनी ती पुसली नाही.