लाज असू द्या, डबी द्या

यंदाच्या सुट्टीतही ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात ओसरीवर तोच वाद रंगला: शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं का? २००७ साली राज्यानं ते थांबवलं, तेव्हाही ऐकलं होतं, "असले रोग शहरातले. आपल्या खेड्यात कुठं?"

याचं उत्तर वैनगंगेच्या पल्याडच सापडलं होतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं. १९८९ च्या जानेवारीत ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सगळेच काही संबंधातून आलेले नव्हेत, हे खरं. पण मला चटका लावतात दुसरे दोन आकडे. आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के. आणि जवळपास निम्म्यांची काही तक्रारच नव्हती.

आपला सरकारी उपचार मात्र तक्रारीवर उभा आहे. पांढरं जातं म्हणून सांगितलं की लक्षणांवरून गोळ्यांचं हिरवं किट मिळतं. प्रयोगशाळा नाही तिथं ही सोय मोलाचीच. पण जिला त्रासच जाणवत नाही ती दवाखान्यात जाईल कशाला? क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा रोग तर बहुतेक बायकांत मुकाटच राहतो.

मी अकरा वर्षं लेस्टरला राहते. इंग्रज मोकळे असतात म्हणून तिथं सगळं सोपं, असं इकडे समजतात. कसले मोकळे! शेजारीण अंगावरून जाण्याविषयी माझ्याशी बोललेली मला आठवत नाही. फरक एवढाच की तिला बोलावं लागत नाही. १९१६ पासून तिथं या रोगांचा उपचार फुकट आणि गुप्त आहे. आता बऱ्याच भागांत ऑनलाइन मागवली की साध्या पाकिटातून तपासणीची डबी घरी येते. बाई स्वतःच बोळ्यानं नमुना घेते आणि पोस्टात टाकते. असा नमुना डॉक्टरनं घेतलेल्याइतकाच भरवशाचा ठरतो. जोडीदारालाही क्लिनिक नाव न सांगता कळवू शकतं. आमच्याकडे बाई गोळ्या घेते, नवरा घेत नाही, आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

म्हणून तिथं आलबेल आहे असं नाही. २०२३ मध्ये इंग्लंडात गनोरिया या लैंगिक रोगाचे ८५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, १९१८ पासूनचा सर्वाधिक आकडा.

शाळेत शिकवाच, माझं मत पक्कं आहे. पण तो वाद मिटेपर्यंत तपासणीनं का थांबावं? मोठीमायला डबीचं सांगितलं तर ती म्हणाली, "पोस्टमन आपल्या वाड्यातलाच हाये वो बाई." बरोबर आहे तिचं. गावात पाकीट लपत नाही. पण आशाताईच्या पिशवीत निरोध असतो, गरोदरपण तपासायचं निश्चय किट असतं, आणि ती कुणाच्याही घरात चुलीपर्यंत जाते, तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. बोळ्याची डबी त्या पिशवीत सहज मावेल.