कोळीण नवऱ्याला खाते, पिल्लं आईला खातात: खरं किती?

बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. कोळीण, म्हणजे आठ पायांच्या कोळ्याची मादी, मीलन होताच नराला खाते, नर फुकट मरतो, पुढे पिल्लं आईलाच मारून खातात. आणि शेवटी घरातल्या सुनांना टोमणा. टोमणा मारायला मुक्या जिवाची बदनामी कशाला?

‘नराला खातेच’ असं सरसकट म्हणणं खोटं आहे. कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या काहींत असं घडतं, तेही दर वेळी नाही. घराच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा लांब पायांचा कोळी घ्या. नर-मादी जवळपास सारख्याच आकाराचे, त्यांच्यात नर खाल्ला जाणं विरळाच. पावसाळा सरताना जांबोटी-कणकुंबीच्या रानात सोनेरी धाग्यांचं भलंमोठं जाळं दिसलं तर जरा थांबा. मधली मादी चार-पाच सेंटिमीटरची, नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. एकाच जाळ्यावर असे कितीतरी नर टपून असतात. मादी खाण्यात गुंतली की नर जवळ सरकतो. पाठीवर चढून तो आपला बारीक धागा तिच्या अंगावर पुन्हा पुन्हा फिरवतो. त्या स्पर्शानं ती शांत होते आणि नर खाल्ला जाण्याचा धोका कमी होतो, हे प्रयोगांतून दिसलंय.

‘नर फुकट मरतो’ हेही चूक. ऑस्ट्रेलियातल्या लाल पाठीच्या कोळ्याचा नर मीलन चालू असतानाच कोलांटी मारून स्वतःला मादीच्या तोंडाशी देतो. १९९६ साली संशोधक मेडियन अँड्रेड यांनी दाखवलं की खाल्ल्या गेलेल्या नराचं मीलन जास्त वेळ चालतं, जास्त अंडी त्याच्यापासून फळतात आणि मादी सहसा दुसऱ्या नराला जवळ करत नाही. म्हणजे त्याचा वंश वाढतो. नाहीतरी त्यांतले बहुतेक नर मादी शोधतानाच मरतात.

आता पिल्लं. भारतात कळपानं राहणारा एक कोळी आहे, त्याची पिल्लं आईला खातात हे खरं. पण ती तिला ठार करायला निघालेली नसतात. आधी ती त्यांना तोंडातून पातळ अन्न भरवते, मग तिचं शरीर आतून विरघळू लागतं आणि तेच त्यांचं अन्न होतं. हा सगळ्या कोळ्यांचा नियम नव्हे. येळ्ळूरच्या भातशिवारात तुडतुडे खाणारी लांडगा-कोळीण अंड्यांची पिशवी मागे बांधून हिंडते. पिल्लं बाहेर पडली की पाठीवर चढतात, साधारण आठवडाभर तिथंच राहतात आणि मग उतरून आपापल्या वाटेनं जातात. आईला कुणी खात नाही.